हृदय सैल कसं होतं, आणि ते आपल्याला कळतं कसं?

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं की हा तर डॉक्टरांचा प्रांत, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते पीएचडीचे. औषध लिहून देण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि आज कुणाला औषध सांगणारही नाही. पण दिसत असलेल्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचं ज्ञान कसं होतं, म्हणजे अनुमान, हा आमचा आयुष्यभराचा विषय. आणि हृदयाची सोनोग्राफी, जिला आपण सगळे 'टू-डी एको' म्हणतो, ती अनुमानाची एक फार सुंदर शाळा आहे.

साठी ओलांडलेल्या कुणाचाही एकोचा रिपोर्ट उघडून बघा. त्यात बहुधा दोन ओळी सापडतात. एक, 'ईएफ ६० टक्के'. दुसरी, 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन'. या दोन ओळींनी दोन प्रकारची माणसं फसतात. जिना चढताना दम लागणारा माणूस पहिली ओळ वाचतो, 'पंपिंग चांगलं आहे' असं ऐकतो आणि दम वयाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. दुसरा अगदी ठणठणीत माणूस 'डिसफंक्शन' हा शब्द वाचतो आणि रात्री झोपत नाही. आजचं व्याख्यान या दोघांसाठी आहे.

सुरुवात हृदयापासून करू. हृदय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंप येतो, आणि पंप म्हटलं की ढकलणं. पण ढकलायचं तर आधी भरायला हवं. मिनिटाला ७० ठोके धरले तर एका ठोक्याला साधारण ०.८५ सेकंद मिळतात. त्यातला सुमारे एक तृतीयांश वेळ आकुंचनाचा. उरलेला दोन तृतीयांश वेळ हृदय सैल होतं आणि भरतं. यालाच डायस्टोल म्हणतात. म्हणजे आपलं हृदय आयुष्याचा बहुतेक वेळ भरण्यात घालवतं. आपण घाई केली, धावलो, चिडलो, की ठोके वाढतात आणि त्यात सगळ्यात जास्त काट बसते ती या भरण्याच्या वेळेला. दम बसल्या जागी न लागता जिन्यावर का लागतो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता एक गैरसमज दूर करू. आकुंचन म्हणजे काम आणि सैल होणं म्हणजे विश्रांती, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळं झालं की स्नायू आवळतो. तो सैल व्हायचा तर ते कॅल्शियम पुन्हा उचलून पेशीतल्या कोठारात भरावं लागतं, आणि एकमेकांत अडकलेले तंतू सोडवावे लागतात. या दोन्ही कामांना ऊर्जा लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं ते कशामुळे? ऊर्जा संपलेली असते, म्हणून तंतू सुटत नाहीत. तेव्हा सैल होणं हेही कामच आहे, आणि महागडं काम आहे. हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडू लागला की ढकलण्याची ताकद कमी होण्याच्या आधी हे सैल होणंच बिघडू लागतं.

आमच्या वयाच्या लोकांना शाईच्या पेनाचा ड्रॉपर आठवत असेल. रबरी फुगा दाबायचा, काच दौतीत बुडवायची आणि बोट सोडायचं. रबर उसळी मारून मूळ आकारात येतं आणि शाई आपोआप वर ओढली जाते. निरोगी हृदय भरताना असंच करतं. आकुंचन पावताना ते पिळलं जातं, आणि पीळ सुटताना रक्त आत ओढून घेतं. रबर जुनं होऊन कडक झालं तर काय होतं? बोट सोडलं तरी फुगा पटकन उसळत नाही. मग शाई भरायला वरून दाबच द्यावा लागेल. यात दोन वेगळे दोष आहेत, हे लक्षात ठेवा. एक म्हणजे उसळी मंद होणं, दुसरा म्हणजे भिंतच ताठर होणं. बहुतेकदा पहिला आधी येतो, दुसरा मागाहून.

आता घर नीट बघू. फुप्फुसातून शुद्ध रक्त येतं ते वरच्या डाव्या कप्प्यात, म्हणजे डाव्या कर्णिकेत. तिथून मायट्रल झडपेतून ते खालच्या डाव्या कप्प्यात, म्हणजे डाव्या जवनिकेत उतरतं. नातवंडांच्या शाळेच्या पुस्तकात यांना अलिंद आणि निलय म्हणतात, गोष्ट तीच. भरणं चार टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात जवनिका सैल होते, पण झडप अजून बंद असते. दुसऱ्यात झडप उघडते आणि रक्त झपाट्याने आत येतं. तिसऱ्यात दोन्ही कप्प्यांतला दाब जवळपास सारखा होऊन प्रवाह मंदावतो. चौथ्यात कर्णिका स्वतः आकुंचन पावते आणि उरलंसुरलं रक्त खाली ढकलते.

जवनिका ताठर झाली तर तेवढंच रक्त भरायला जास्त दाब लागतो. तो दाब कर्णिकेत साठतो, कर्णिकेतून मागे फुप्फुसाच्या शिरांत जातो, आणि माणसाला दम लागतो. आता 'ईएफ' काय सांगतो ते पाहा. जेवढं भरलं त्यातलं किती टक्के बाहेर फेकलं, एवढंच तो सांगतो. १०० मिलिलिटर भरलं आणि ६० फेकलं, तर ६० टक्के. ७० भरलं आणि ४२ फेकलं, तरी ६० टक्केच! आणि १०० मिलिलिटर भरण्यासाठी मागे किती दाब साठवावा लागला, याबद्दल तर हा आकडा अवाक्षर काढत नाही. हृदय निकामी होण्याच्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा ईएफ चांगला, म्हणजे ५० टक्के किंवा त्याहून अधिक असतो. यांत वयस्कर, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा असलेले लोक जास्त, आणि त्यातही स्त्रिया जास्त. घरातल्या बाईने 'हल्ली दम लागतो' म्हटलं की 'वजन कमी कर' एवढ्यावर विषय संपतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग प्रश्न असा की हा आतला दाब मोजायचा कसा? सरळ मार्ग आहे. रक्तवाहिनीतून नळी सरकवून हृदयाशी न्यायची आणि दाब मोजायचा. पण दम लागणाऱ्या प्रत्येक माणसाला नळी घालता येत नाही. इथे ध्वनी मदतीला येतो.

१९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि कार्ल हेलमुथ हेर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी ध्वनीच्या परावर्तनाने हलणाऱ्या हृदयाची पहिली नोंद घेतली. धातूच्या ओतकामातले दोष ध्वनीने शोधणारं यंत्र तेव्हा कारखान्यांत वापरलं जात होतं, तेच त्यांनी माणसाच्या छातीला लावलं. तत्त्व साधं आहे. डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून डोंगर किती लांब ते कळतं. शरीराच्या ऊतींत ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. १५ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. म्हणूनच धडधडणारं हृदय आपल्याला पडद्यावर धडधडतानाच दिसतं.

पण हे झालं अंतर. वेग कसा कळतो? १८४२ साली ख्रिश्चन डॉप्लर यांनी प्रागमध्ये एक निबंध वाचला, तो ताऱ्यांच्या रंगाबद्दल होता. लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर लहरींची वारंवारता वाढते, दूर जात असेल तर कमी होते. गाडी शिटी वाजवत स्टेशनातून धडधडत निघून जाते तेव्हा शिटीचा सूर उतरतो, ते हेच. ताऱ्यांसाठी सुचलेली कल्पना तांबड्या पेशींना लागू पडली. एकोच्या खोलीत 'शूऽ शूऽ' असा आवाज येतो, तो तुम्ही ऐकला असेल. बरेच जण समजतात की तो हृदयाचा आवाज आहे. तसं नाही बरं का. यंत्राचा ध्वनी सेकंदाला पंचवीस लाख कंपनांचा असेल आणि रक्त सेकंदाला ८० सेंटिमीटर वेगाने येत असेल, तर गेलेल्या आणि परतलेल्या ध्वनीत साधारण २,६०० कंपनांचा फरक पडतो. हा फरक आपल्या कानांच्या टप्प्यातला आहे. यंत्र तोच स्पीकरवर ऐकवतं.

आता इथे थांबून नीट पाहू, कारण आमचा विषय इथून सुरू होतो. ध्वनीने आपल्याला काय मिळालं? अंतर आणि वेग. आपल्याला काय हवं आहे? दाब. दाब पडद्यावर दिसत नाही. म्हणजे प्रत्यक्ष एका गोष्टीचं आणि ज्ञान हवं दुसऱ्या गोष्टीचं. याचंच नाव अनुमान.

मायट्रल झडपेपाशी वेग मोजला की प्रत्येक ठोक्याला दोन शिखरं दिसतात. पहिलं शिखर झपाट्याने भरण्याचं, त्याला 'ई' लाट म्हणतात. दुसरं कर्णिकेच्या आकुंचनाचं, ती 'ए' लाट. निरोगी तरुण माणसात ई मोठी आणि ए लहान असते. उसळी मंदावली की पहिल्या झपाट्यात कमी रक्त येतं आणि कर्णिकेला जास्त ढकलावं लागतं. मग ई लहान, ए मोठी. हाच तो रिपोर्टमधला 'ग्रेड वन'. इथपर्यंत सगळं सरळ आहे. लाटा उलटल्या म्हणजे दोष आहे, असं म्हणून मोकळं व्हावं.

पण आजार पुढे सरकतो. जवनिका ताठर होते, कर्णिकेतला दाब चढतो. झडप उघडताच तो चढलेला दाब रक्त जोरात आत लोटतो. ई लाट पुन्हा मोठी होते! चित्र दिसायला अगदी निरोगी माणसासारखं. याला 'स्यूडोनॉर्मल', म्हणजे निरोगीपणाचा आभास म्हणतात. आणखी पुढे गेलं की ई प्रचंड उंच आणि ए ठेंगणी, ई ही ए-च्या दुप्पट किंवा अधिक. आणि गंमत अशी की उत्तम प्रकृतीच्या तरुणातही ई ही ए-च्या दुप्पट असू शकते. एकात रक्त पुढून ओढलं जातंय, दुसऱ्यात मागून लोटलं जातंय. लाट मात्र तीच.

न्यायशास्त्र वाचलेल्यांना आता काही आठवलं असेल. न्यायसूत्रांत अनुमानाचं एक उदाहरण चर्चेला येतं. नदीला पूर दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. त्यावर आक्षेप घेणारा म्हणतो, खाली कुणी बांध घातला तरी नदी फुगतेच की! मग तुमचं अनुमान प्रमाण कसं? भरलेली नदी दोन्ही ठिकाणी आढळते. जी खूण साध्य असतानाही सापडते आणि नसतानाही सापडते, ती खूण 'सव्यभिचार'. तो हेतू नाही, हेत्वाभास आहे. आमच्या मते स्यूडोनॉर्मल लाट हे सव्यभिचार हेतूचं जितंजागतं उदाहरण आहे.

पण खरी शिकवण उत्तरात आहे. उत्तर देणारा 'अनुमान सोडून द्या' असं म्हणत नाही. तो म्हणतो, नुसतं फुगलेलं पाणी बघून पावसाचं अनुमान करतो कोण? भाष्यकार वात्स्यायन सांगतात की प्रवाहाचा जोर बघा, फेस बघा, वाहून आलेली पानं, फळं, लाकडं बघा. या विशेषांसह असलेला पूर पावसाचाच. अनुमान चुकलं तर दोष अनुमानाचा नसतो, अर्धवट खूण पुरेशी मानणाऱ्याचा असतो. एकोमध्ये गेल्या काही दशकांत जे झालं ते नेमकं हेच आहे. डॉक्टरांनी फेस आणि पानं शोधली. ती कोणती, ते पाहू.

पहिली खूण स्नायूचा वेग. रक्ताऐवजी झडपेच्या कडेचा स्नायूच किती वेगाने वर सरकतो ते डॉप्लरने मोजायचं. त्याला 'ई-प्राइम' म्हणतात. मागचा दाब रक्ताला ढकलून वेग देऊ शकतो, पण मंदावलेल्या स्नायूला तो फारशी उसळी देऊ शकत नाही. म्हणून ई-ला ई-प्राइमने भागतात. दोघांचीही ई लाट सेकंदाला ८० सेंटिमीटर आहे असं धरा. एकाचा स्नायू १० सेंटिमीटर वेगाने हलतो, भागाकार ८. दुसऱ्याचा ५ सेंटिमीटरने, भागाकार १६. लाट सारखी, पण पहिल्याकडे ओढ आहे आणि दुसऱ्याकडे लोट.

दुसरी खूण डाव्या कर्णिकेचं आकारमान. मधुमेहाच्या मंडळींना लगेच कळेल. आजची साखर वेगळी आणि तीन महिन्यांची सरासरी वेगळी. लाटांचा वेग आजची गोष्ट सांगतो. कर्णिका मात्र महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं दाब सोसत ताणत जाते. ती मोठी झाली असेल तर दाब जुना आहे असं समजतात.

तिसरी खूण उजव्या बाजूची. फुप्फुसात दाब वाढला की उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग वाढतो. वेगावरून दाबातला फरक काढण्याचं सोपं गणित आहे, वेगाचा वर्ग गुणिले चार. वेग सेकंदाला २.८ मीटर असेल तर फरक सुमारे ३१ मिलिमीटर पारा.

आणि चौथी युक्ती म्हणजे नदीलाच प्रश्न विचारायचा. रुग्णाला नाक-तोंड बंद ठेवून जोर करायला सांगतात. त्या क्षणी हृदयाकडे येणारं रक्त घटतं, कर्णिकेतला दाब उतरतो, आणि आभास गळून पडतो. लपलेली उलटी लाट दिसू लागते. किंवा माणसाला सायकल मारायला लावून दम लागत असतानाच मोजतात, कारण बसल्या जागी शांत असलेलं हृदय कष्टात काय करतं ते सांगत नाही.

२०१६ साली अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डियोग्राफी आणि तिच्या युरोपीय भगिनी संस्थेने मिळून मार्गदर्शक नियम दिले. चांगला ईएफ असलेल्यांसाठी चार खुणा ठरल्या. स्नायूचा वेग मध्यपडद्याकडे सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा किंवा बाहेरच्या भिंतीकडे १० पेक्षा कमी. तो भागाकार सरासरीने १४ पेक्षा जास्त. कर्णिकेचं आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरला ३४ मिलिलिटरपेक्षा जास्त. आणि गळतीचा वेग २.८ मीटरपेक्षा जास्त. चारांपैकी तीन किंवा चार खुणा सापडल्या तर दोष आहे. एक किंवा शून्य, तर नाही. आणि दोन सापडल्या तर? तर लिहायचं, 'निश्चित सांगता येत नाही'.

या शेवटच्या वाक्यासाठी आम्हाला या नियमांबद्दल आदर वाटतो. संशय हीसुद्धा ज्ञानाच्या वाटेवरची एक प्रामाणिक जागा आहे. न्यायशास्त्राने संशयाला सोळा पदार्थांत स्थान दिलं, कारण संशयाशिवाय पुढची तपासणी सुरूच होत नाही. काही माणसांत तर खुणाच पुसल्या जातात. कर्णिका अनियमित फडफडत असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर ए लाटच नसते. मायट्रल झडपेच्या कडेला चुना साठला असेल तर तिथला स्नायूचा वेग भरवशाचा राहत नाही. ध्वनीची किरणं प्रवाहाला तिरपी लागली तर वेग खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. ६० अंशांचा तिरपेपणा असेल तर थेट निम्मा. म्हणून एको करणाऱ्याचा हात आणि मिनिटं या दोन्हींना किंमत आहे.

इथे समोरून चिठ्ठी आली आहे: 'माझं वय ७२, ग्रेड वन लिहिलंय, घाबरावं का?' सर्वसाधारण उत्तर असं. वयाबरोबर हृदयाची उसळी मंदावतेच, जसे गुडघे कुरकुरतात. साठीनंतर ई लहान आणि ए मोठी होणं इतकं सर्रास आढळतं की नुसत्या त्या ओळीवरून आजार ठरत नाही. ग्रेड वनमध्ये बसल्या जागचा कर्णिकेतला दाब सहसा वाढलेला नसतो. पण ती ओळ अगदीच पोकळ आहे असंही नाही. रक्तदाब, साखर, वजन सांभाळा, ही सूचना तीत आहे. आणि दम लागत असेल, पाय सुजत असतील, रात्री उठून बसावं लागत असेल, तर रिपोर्टमधल्या कुठल्याही 'नॉर्मल' शब्दावर थांबू नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा, की दम लागतो हे एको करणाऱ्याला कळवलं होतं का? कर्णिकेचा आकार काय आला? ई आणि ई-प्राइमचा भागाकार किती? निश्चित नसेल तर पुढची तपासणी कोणती? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. बरीच वर्षं या आजाराच्या वाट्याला खास औषध नव्हतं, त्यामुळे निदानाचा आग्रहही ढिला होता. २०२१ आणि २०२२ साली मात्र मोठ्या चाचण्यांतून दिसलं की मूळ मधुमेहासाठी आलेली एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन ही औषधं चांगला ईएफ असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी करतात. ती कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. पण उपाय असताना निदान हुकणं आता पूर्वीपेक्षा महाग पडतं.

तेव्हा दम लागणाऱ्या माणसाला 'पंपिंग चांगलं आहे' हे उत्तर मिळालं, तर त्याने नम्रपणे एवढंच म्हणावं, 'ढकलण्याचं कळलं, डॉक्टरसाहेब. आता भरण्याचं सांगा.'

पुढच्या वेळी आपण संशय या पदार्थाकडेच वळू.